रबडीचं अभ्यंग

आमच्या रजनीवहिनी मत्सरी आहेत. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगत नाही, तोंडावर सांगून झालंय. त्यावर त्या म्हणाल्या, "असेन, वन्सं. पण उगाच नाही." म्हणजे गुन्हा कबूल, आणि वर त्याची वकिलीही.

नानाखेड्याला आमचं दुमजली घर आहे. खाली वहिनी, वर मी. अनिलदादा गेल्यापासून आम्ही दोघीच. वहिनींची सगळी नोकरी इंदूरच्या बँकेत झाली, तीही इथून रोज अपडाउन करून. मॅनेजर असो की बसचा कंडक्टर, त्या कुणाला भ्यायल्या नाहीत. भीती फक्त एकच, आपलं माणूस दुसऱ्याचं होईल की काय. दादा वर येऊन माझ्याशी जरा जास्त वेळ गप्पा मारत बसला की खाली भांडी आपटायला सुरुवात व्हायची.

निहारिका ही त्यांची एकुलती एक लेक. इंदूरला नोकरीत असताना तिने एक पर्शियन मांजर पाळली. दाट सायीच्या रंगाची आणि केसाळ इतकी, की झोपली की तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते शोधावं लागे. नाव रबडी. पुढे निहारिकाची बदली चेन्नईला झाली. तिथल्या घरमालकाला मांजर चालेना, तेव्हा रबडी आमच्याकडे आली. बरोबर स्टीलचा कंगवा, ब्रश आणि ढीगभर सूचना. हिला रोज विंचरायचं, नाहीतर केसांच्या जटा होतात. विंचरलं नाही तर सुटे केस चाटून पोटात जातात आणि मग ओकत बसते. चेन्नईत बसून हे सगळं सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं मी म्हटलंसुद्धा.

वहिनींनी पहिल्याच दिवशी कंगवा घेतला आणि मानेपासून शेपटीपर्यंत सरळ ओढला. माणसाच्या पोरीने किंचाळून घर डोक्यावर घेतलं असतं. रबडीने त्यांच्या मनगटावर तीन ओरखडे काढले आणि कपाटावर जाऊन बसली. तेव्हापासून कंगवा दिसला की मांजर गायब.

तिला खाली उतरवलं ते समोरच्या जयूताईंनी. जयूताई जुन्या दरबारी घराण्यातल्या. त्यांच्या बोलण्यात सासऱ्यांचं, भय्यासाहेबांचं नाव दर दुसऱ्या वाक्याला येतं, ते आम्ही सोडून देतो. पण हात फार हलका. भैरवगढची जुनी, ठशांच्या छापाची चादर अंथरून त्या मांडी घालून बसायच्या, रबडीला बोटांनी चाचपून गुंता शोधायच्या, त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकायच्या. केस मुळाशी चिमटीत धरायचे म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि मग टोकाकडून थोडं थोडं सोडवत वर जायचं. "हिला पकडून ठेवू नका हो रजनी," त्या म्हणायच्या, "आरामशीर पडू द्या. अपने आप करू देते." आणि रबडी खरोखरच पोट वर करून घुरघुरत पडायची.

नेमका त्याच वेळी निहारिकाचा व्हिडिओ कॉल यायचा. जयूताईंचे दोन्ही हात मांजरात, म्हणून फोन धरायच्या वहिनी. तिकडून निहारिका विचारायची, कानामागे गाठ झालीय का, बगलेत नीट बघता ना. जयूताई दाखवायच्या. मग विषय वाढत जायचा. ऑफिसातली भांडणं, डब्याचं जेवण, सर्दी, घरमालक. सगळं जयूताईंना. वहिनी फोनच्या मागे हात ताणून उभ्या. शेवटी त्यांच्या वाट्याला "आई, ठेवते गं" एवढंच.

एकदा त्या माझ्याकडे वर येऊन म्हणाल्या की मुलगी माझी, मांजर माझ्या घरात, माझं खाते, माझ्या सोफ्यावर केस पाडते, आणि गप्पा मात्र त्यांच्याशी. त्यांच्या अंगाची नुसती लाही होत होती. मी म्हटलं, मग जयूताईंना बोलावू नका. तर म्हणे, जटा होतील त्याचं काय? ताकाला जाऊन भांडं लपवायचं, असा स्वभाव. जयूताई आल्या की त्यांना आलं घालून चहा द्यायच्या, आणि त्या गेल्या की त्यांचा कप दोनदा घासायच्या.

दिवाळीला निहारिका येणार होती, नरकचतुर्दशीच्या सकाळी. वहिनींनी मनाशी ठरवलं, या वेळी मांजर लेकीच्या हातात द्यायची ती आपण सजवून. आणि त्या दिवशी आपल्याकडे सजवणं म्हणजे काय, तर अभ्यंग. पहाटे तेल-उटणं लावून जो न्हात नाही तो नरकात जातो, मग रबडीनेच काय पाप केलंय? मला विचारलं असतं तर मी आडवी पडले असते. पण मी वर माझ्याच डोक्याला तेल थापत होते.

त्यांनी रबडीला बाथरूममध्ये घेऊन दार लावलं. आधी कोमट तिळाचं तेल चोळलं. ते रबडीला आवडलं असावं, कारण ती गप्प राहिली. वहिनी हुरळल्या. मग दुधात कालवलेलं उटणं, चांगलं रगडून. मग तांब्याभर गरम पाणी. पाणी पडलं मात्र, मांजर त्यांच्या खांद्यावरून दारावर आणि दारावरून पुन्हा त्यांच्या अंगावर.

मी धावत खाली आले तेव्हा रबडी सोफ्याखाली होती आणि वहिनी जमिनीवर पालथ्या पडून तिला बाहेर बोलावत होत्या. तेल, उटणं आणि केस यांचा लगदा झाला होता, आणि तो वाळायला लागला होता. कंगव्याचा दातसुद्धा त्यात शिरेना. मी म्हटलं, जयूताईंना हाक मारते. वहिनी उठून बसल्या. "वन्सं, ती बाई आत्ता या घरात आली तर मी निघून जाईन," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

तेवढ्यात रिक्षा थांबली. निहारिका बॅग घेऊन दारात उभी.

ती ओरडली नाही. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आता सोडवत बसू नका. अंग चाटू देऊ नका. कॉर्नफ्लोअरने तेल टिपून घ्या, आणि केस ट्रिमरने काढा. कात्री लावू नका, मांजराची कातडी पातळ असते, कापली जाते. दादाचा ट्रिमर कपाटात होता. वहिनींनी रबडीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. ती दमली होती, धरू देत होती. निहारिका समोर बसून एका हाताने कातडी ताणत हळूहळू केस काढू लागली.

पाठ मोकळी झाली तशी ती पोटाकडे वळली. मग निहारिका मान वर न करता म्हणाली, "आई, माझेही तू असेच काढवले होतेस."

निहारिका शाळेत असताना तिचे केस कमरेपर्यंत होते. वहिनींना सकाळची बस धरायची असे, म्हणून वेण्या घालायच्या जयूताई. आणि एका रविवारी वहिनींनी पोरीला पार्लरमध्ये नेऊन मुलासारखे केस कापून आणले.

"उवा झाल्या होत्या," वहिनी म्हणाल्या.

"नव्हत्या झाल्या."

वहिनींनी रबडीला जवळ ओढलं. मला वाटलं, आता सणाच्या दिवशी जुंपणार.

"नव्हत्या," त्या म्हणाल्या. "मला बघवत नव्हतं. मी बससाठी पळायची आणि तू त्यांच्या पायरीवर, त्यांच्या गुडघ्याला टेकून बसलेली. मी हात केला तरी तुझं लक्ष नसायचं."

निहारिकाने ट्रिमर बंद केला. "मला वाटायचं, मीच तुला जड झालेय. निदान केस तरी कमी होतील, म्हणून कापलेस."

"जड? तू?"

"म्हणजे तू जळत होतीस? जयूकाकूंवर?"

"अजून जळते."

निहारिका हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि पुसायला गेली तर रबडीचे केस गालाला चिकटले. "मग तेव्हा म्हणायचंस ना, तिकडे जाऊ नकोस म्हणून. नसते गेले मी."

"आणि तुझ्या वेण्या कुणी घातल्या असत्या?" वहिनी म्हणाल्या.

निहारिकाने वहिनींच्या हातावरचं उटणं नखाने खरवडून काढलं आणि पुन्हा ट्रिमर सुरू केला.

दुपारी जयूताई फराळाचं ताट घेऊन आल्या. उघडी पडलेली, पिल्लाएवढीशी रबडी पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला. वहिनींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि काय झालं ते सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. जयूताई मांजर बघायला उठल्या. पलंगावर रबडीला घेऊन बसलेल्या निहारिकाच्या शेजारी एका माणसाची जागा होती, तिकडे त्या वळल्या, तशा पलंगाच्या कडेला टेकलेल्या वहिनी झटकन सरकल्या आणि ती जागा भरून टाकली. निहारिकाने ते बघितलं, आणि ती आईच्या अंगावर रेलली.