मावशींचे सम्राट

पुण्यात माणसाला समोरून न बघता बाजूने जोखणारी व्यक्ती एकच, आणि नेमकी तीच माझ्या बायकोची मावशी निघावी, हे माझं नशीब. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मावशी कर्वेनगरच्या दोन खोल्यांत राहतात आणि शिवणाच्या डब्यात त्यांचे रोमन सम्राट, चांदीच्या जुन्या नाण्यांवर. लग्न ठरल्यावर मी नमस्काराला गेलो, तर म्हणाल्या, "जरा खिडकीकडे बघा." मी बराच वेळ बघत राहिलो. "नाक ठीक आहे, पण हनुवटीच नाही," त्यांनी निकाल दिला. "नाण्यावर चालायचे नाहीत. संसाराला चालतील." सोसायटीच्या अध्यक्षांना तर त्यांनी भर सभेत सांगितलं, "तुमची मान थेट नीरोची." अध्यक्षांनी आभार मानले.

हनुवटीची उणीव विद्वत्तेने भरून काढावी म्हणून, खराडीच्या ऑफिसने मला तुर्कस्तानला धाडलं तेव्हा मी एका पडक्या देवळापाशी बसलेल्या म्हाताऱ्याकडून रोमन नाणं आणलं. मावशींनी भिंग लावलं. "सुरेख आहे. कडेला साच्याचा सांधा दिसतो, तेवढा सोडला तर."

"म्हणजे खोटं?"

"अहो, खरी नाणी ठोकून पाडायचे, साच्यात ओतायचे नाहीत. नाणं खोटं, पण विकणारा जाणकार. गिऱ्हाईक बरोबर ओळखलं त्याने." तरी त्यांनी ते परत दिलं नाही. वेगळ्या फडक्यात गुंडाळून डब्यातच ठेवलं.

मग मावशींची नजर मंदावली. डोळ्यांच्या पडद्याचा विकार, इलाज नाही. तेव्हापासून रविवारी मी भिंग धरून चेहरा कसा आहे ते सांगतो आणि त्या सम्राट ओळखतात. पहिल्याच रविवारी मी नाणं उलटं धरून हनुवटीला कपाळ म्हटलं. "हनुवटी कुठे असते हे तुम्हाला कसं ठाऊक असणार," त्या म्हणाल्या आणि मनापासून हसल्या.

परवा त्यांनी एक नाणं स्वतःच उचललं. अंगठा फिरवला. चेहरा उजळला.

"थांबा, बोलू नका. ट्रेजन! हा मला डोळ्यांशिवायही कळतो. बरोबर ना?"

मी नाणं हातात घेऊन पाहिलं. चेहऱ्याला दाढी होती, झिजलेली, पण होती. ट्रेजनला नाण्यावर कधी दाढी नसते. ती त्याच्या मागून आलेल्या हेड्रियनची. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, कितीतरी वेळा, कपाळावर हात मारत.

"बरोबर, मावशी," मी म्हणालो.

त्या खुशीत भिंतीला धरत चहा टाकायला उठल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक सम्राट एकट्याने ओळखला होता, आणि ते जिला सांगावं अशी एकच व्यक्ती आत आधण ठेवत होती.