माडीवरची दुसरी प्रत

नकाशे काढणाऱ्या त्या कार्यालयात सगळे तिला सर्व्हरबाई म्हणत. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, आई जाऊन सहा वर्षं झालेली. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत ती, एक पंखा आणि एक उंच लोखंडी कपाट असे तिघे राहत. कपाटात एक दणकट सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात चौदा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे हाताला न लागणारे पण खऱ्यासारखे राबणारे चौदा संगणक. चाळीस वर्षांच्या मोजण्या आणि नकाशे त्यांच्यात होते. काही बंद पडलं की वरच्या मजल्यावरच्या माणसांना ती आठवायची. सगळं सुरळीत असताना तिच्याकडे कोण कशाला फिरकेल?

एका दुपारी वरच्या बेसिनचा नळ फुटला आणि पाणी भिंतीवरून तिच्या खोलीत उतरलं. कपाटापासून वीतभर अलीकडे थांबलं. कार्यालयाचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभे राहिले.

"बाई, आपला बॅकअप असतो ना?"

"असतो की. रोज होतो."

"कुठे असतो?"

"ह्याच कपाटात. खालच्या कप्प्यात."

साहेबांनी आधी खालच्या कप्प्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. एक प्रत दुसरीकडे हवी, हे चार वर्षांत तिने तीनदा लेखी कळवलं होतं, पण तो विषय तिने काढला नाही.

बॅकअपची दुसरी प्रत लांब कुठेतरी ठेवायची, हे त्याच दिवशी ठरलं. पण कुठे? नकाशे परक्या कंपनीच्या यंत्रावर ठेवायचे नाहीत, असं कामाच्या करारातच होतं. कार्यालयाला दुसरी शाखा नव्हती.

"तुमचे बंधू चार तासांवर राहतात ना?" साहेब म्हणाले. "डिस्कचा डबा आपला, कुलूप आपलं. त्यांनी फक्त कोपरा द्यायचा."

"विचारते," ती म्हणाली. दादाशी ती सहा वर्षं बोलली नव्हती, हे साहेबांना कसं माहीत असणार?

भांडण असं झालंच नव्हतं. आई शेवटच्या दुखण्यात म्हणायची, "त्याला उगाच कळवू नकोस, दुकान टाकून धावत येईल. मी होईन बरी." हिने ऐकलं. कळवलं तेव्हा फार उशीर झाला होता. दादा पोचला, दारात चपला काढल्या आणि एवढंच म्हणाला, "मला सांगायला हवं होतंस, चिमे." आठवड्याने परत गेला तो गेलाच. आईनेच नको म्हटलं होतं, हे हिने त्याला सांगितलं नाही. गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं झालं असतं.

फोनवर काय बोलायचं ते तिने आधी कागदावर लिहून काढलं. दादाने कागदाची गरजच ठेवली नाही.

"किती जागा लागेल?"

"बुटांच्या दोन खोक्यांएवढी."

"वीज?"

"चोवीस तास. आणि इंटरनेट."

"आण," म्हणाला आणि फोन ठेवला.

सगळा साठा इंटरनेटवरून पाठवायचा तर महिना गेला असता. म्हणून तिने तो चार डिस्कचा डबा आठवडाभर स्वतःच्या टेबलावर ठेवून पहिली पूर्ण प्रत तिथेच भरून घेतली. पुढे रोज फक्त बदल जाणार होते. किल्लीशिवाय कुणाला वाचता येऊ नये, अशी सांकेतिक कुलपंही घातली. मग डबा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि बसमध्ये बसली. शेजारच्या बाईने विचारलं, "मिक्सर का हो?" ही "हो" म्हणाली.

दादाचं चष्म्यांचं दुकान होतं. मागे घर, माडीवर काचा घासायची खोली. त्याने टेबल पुसून ठेवलं होतं, फळी ठोकली होती, तार भिंतीकडेने नेऊन खिळ्यांनी बसवली होती. काम बघून तिला भरून आलं. पण बोलणं तारांवरच राहिलं.

"ही निळी?"

"राउटरला."

कार्यालयातला बॅकअप सर्व्हर डब्यापर्यंत पोचतोय हे तिने पाहिलं. तेवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. चौदांपैकी सगळ्यात लहान, हजेरीचं मशीन तिने डब्यातून परत उभं करून पाहिलं. उघडलं, नावं जागच्या जागी होती.

"झालं," ती म्हणाली.

"चारची बस मिळेल मग तुला," दादा म्हणाला.

पिशवीच्या तळाशी तिने एक जोड कपडे आणि दात घासायचा ब्रश ठेवला होता, लागलाच तर. तो तसाच परत आला.

त्यानंतर रोज सकाळी मेल यायची: प्रत पूर्ण झाली, दुसरं टोक ठीक आहे. चहा थंड होईपर्यंत ती तेच वाचत बसे. दोनदा तिने उगाचच फोन केला.

"डब्यावरचा दिवा हिरवा आहे ना?"

"हिरवा."

"बरं."

आठ महिन्यांनी एका सकाळी मेल लाल अक्षरांत आली: दुसरं टोक उत्तर देत नाही. दोन दिवस फोन नुसताच वाजला. तिसऱ्या दिवशी वहिनींनी उचलला.

"दवाखान्यात होतो हो. ह्यांना झटका आला हृदयाचा. घर बंद करताना मी मेन स्विच खाली ओढला बघा."

"वहिनी, मला कळवलंत का नाही?"

"हेच नको म्हणाले. चिमी काम टाकून धावत येईल म्हणे."

ती धावत गेली. दादा घरी पलंगावर उशीला टेकून बसला होता, चेहरा उतरलेला.

"कुणी सांगितलं तुला?"

"डब्याने."

तो हसला आणि हसताना छातीवर हात धरला. मग म्हणाला, "आईनेच नको म्हटलं होतं ना तेव्हा?"

"हो."

"मला वाटलंच होतं."

"मग सहा वर्षं बोलला का नाहीस?"

"जमलं नाही, चिमे." मग म्हणाला, "राहशील ना चार दिवस?"

ती पाच दिवस राहिली. भावंडांनी फार काही बोलून टाकलं असं नाही. तो झोपायचा, ती खुर्चीत बसायची, आणि तिला घरी जायची घाई नव्हती.

वर्ष सरायच्या आत दादाच्या मुलीने आईवडिलांना परदेशी आपल्याकडे नेलं. दुकान बंद झालं. डबा न्यायला ती गेली तेव्हा दादाने स्वतः एकेक तार सोडवली, गुंडाळली, दोऱ्याने बांधून तिच्या हातात दिली. आता तो डबा साहेबांच्या मेव्हण्याच्या गोदामात असतो. तिथे तिच्या ओळखीचं कुणी नाही.

दादा रविवारी फोन करतो. त्याच्याकडे तेव्हा सकाळ असते, हिच्याकडे संध्याकाळ. पाच मिनिटं बोलतो, हवेचं, गुडघ्यांचं. शेवटी विचारतो, "जेवायला काय केलंस?" ती काहीतरी सांगते. पुष्कळदा काहीच केलेलं नसतं. मग फोन ठेवल्यावर ती उठते आणि जे सांगितलं ते करायला घेते.