सुमनआत्याची घोडी अडेल नव्हती

प्रल्हाद शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही. आसेगावला त्याचं शेत माझ्या आत्याच्या शेताला लागून आहे, आणि मी वाशीमला मास्तर असल्यामुळे वर्गात फोन उचलत नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून त्या दिवशी आठवीच्या तासाला त्याचं नाव तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा मी खडू ठेवला आणि व्हरांड्यात आलो. "सर, सुमनआत्या गेली," तो म्हणाला. "सकायी घोड्याइले पाणी पाजलं, अन् तेथीच बसली गोठ्यात. म्या पाह्यलं तवा बसेलच होती..." मी काय बोललो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पहिली भावना दुःखाची नव्हती, रागाची होती. आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं. आणि आत्यानं, नेहमीप्रमाणे, स्वतःचं म्हणणं पूर्ण करून मला बोलायची संधी न देता विषय संपवला होता.

सुमनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. सासरची पाच एकर बरड जमीन, तीही चढावर, आणि चार घोडी. घोडी म्हणजे वरातीत नाचतात ती उंच, कान जुळलेली मारवाडी नव्हे. आपली दख्खनी. खांद्याला माझ्या छातीएवढी, आखूड पायांची, दगडासारख्या खुरांची. मेंढपाळांच्या मागे संसार पाठीवर घेऊन जाणारी जी जनावरं आपण रस्त्यात पाहतो आणि हॉर्न वाजवून पुढं जातो, तीच. तिच्या सासऱ्यांनी कधीकाळी एका मेंढपाळाकडून एक घोडी घेतली होती, तिचा हा वंश. आत्या त्यांच्या पाठीवरून खत न्यायची, सोयाबीनची पोती आणायची, आणि नव्वारीवर नवऱ्याचा जुना सदरा चढवून स्वतःही बसायची. सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा. तो खडा घोडीसाठी असे, पण मी लहान असताना तिच्याशी वाटून खाल्लेला आहे. हे माझ्या विद्यार्थ्यांनी वाचू नये.

तट्टू हा शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "घोडी हाये थे. घोडी म्हण." मराठी भाषेवरच तिचा राग होता. दुसऱ्याच्या तालावर नाचणारा माणूस भाडोत्री तट्टू, हट्टाला पेटलेला माणूस अडेलतट्टू... ती मला विचारायची, "मास्तर, तुमच्या पुस्तकात माह्या घोडीले चांगलं म्हनणारा एकबी शब्द नाई का रे?" मी शोधून सांगतो म्हणायचो. शोधला नाही. आणि पुढं, ज्या दिवशी चार माणसांसमोर त्या जातीचं नाव चांगलं करायची वेळ आली, त्या दिवशी ते मीच मातीत घातलं.

या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींनी तो व्हिडिओ पाहिला असेल. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका यात्रेत घोड्यांचं प्रदर्शन होतं. आयोजकांपैकी एका जाणत्या माणसानं ठरवलं, की यंदा दख्खनी घोडीही रिंगणात फिरवून बघू. लोकांना आवडली तर दरवर्षी त्यांचा वेगळा गट ठेवू. ऐकायला ही एवढीशी गोष्ट. आत्यासाठी ती सगळं होती. कारण आजूबाजूची माणसं उंचीच्या लोभानं आपल्या घोड्या मारवाडी घोड्याकडे नेऊ लागली होती, आणि पंचक्रोशीत निखळ वंशाची म्हणावीत अशी तिच्याचकडची चार उरली होती. वेगळा गट झाला असता तर लोकांनी ही जात हौसेनं पाळली असती. दोघांनी तर तिच्याकडे शिंगरांसाठी शब्दही टाकला होता. आत्यानं मैनेला, म्हणजे तिच्या सगळ्यात गरीब स्वभावाच्या घोडीला, आठवडाभर आधीपासून घासूनपुसून तयार केलं. तिथं पोचल्यावर मी उगाच मोठेपणा करत म्हणालो, "आत्या, तू कशाला एवढ्या लोकांत? मी फिरवतो हिला." माझी अपेक्षा होती की ती मला झाडेल. चहात साखर किती यावरही वाद घालणारी बाई ती. पण तिनं रिंगणाकडे एकवार पाहिलं, केवढं मोठं आहे ते डोळ्यांनी मोजल्यासारखं, आणि दोर माझ्या हातात दिला. "फक्त दोर ढिल्ला ठेवजो, रव्या. आवयू नको, बाप्पा." एवढंच म्हणाली. आणि मंडपात जाऊन खुर्चीवर बसली.

मी ऐकलं नाही. ऐकलं, पण मानलं नाही. माझ्या पुढं सहा-सात उंचेपुरे मारवाडी घोडे चालले होते. फेटे बांधलेल्या माणसांनी त्यांना हनुवटीखाली साखळीत इतकं आखडून धरलं होतं, की माना आपोआप कमानीसारख्या वाकत. मागून एक माणूस डब्यात खडे घालून खुळखुळवायचा, की घोड्यांचे कान ताठ, डोळे मोठे, पाय उचलून थुईथुई चाल. लोक वा वा करत होते. त्यात मैना मान खाली घालून, शेतातून घरी निघाल्यासारखी, माझ्या मागं मागं. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? चार लोकांत घोडी जरा रुबाबात दिसावी म्हणून मी दोर आखूड केला आणि इतरांसारखी तिची मान वर ओढली.

मैना थांबली. मी ओढलं. ती चारही पाय रोवून उभी. मी आणखी ओढलं, ती आणखी घट्ट. माइकवाल्याला तर विषयच मिळाला. "मास्तर, घोडी आणली का ढकलगाडी?" लोक हसले. मग तो डबेवाला मदतीला धावला आणि मैनेच्या मागं येऊन त्यानं खडे वाजवले, वर एक काठीही घातली. आयुष्यात मार न खाल्लेलं जनावर. ती गर्रकन फिरली, मी आडवा झालो आणि ती दोर तोडून निघाली. व्हिडिओ इथं संपतो. मास्तर धुळीत, घोडी उधळलेली, खाली हसणारी तोंडं. पण त्याच्या पुढचं कुणी दाखवलं नाही, आणि माझा सगळा जळफळाट त्या पुढच्या दहा सेकंदांसाठी आहे. मैना उधळून कुठंही गेली नव्हती. ती सरळ मंडपात, आत्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली होती. शेजारी लहान लेकरं बसलेली, एकालाही तिचा धक्का लागला नाही. पण शांत उभी असलेली घोडी कोण बघतो? परीक्षकांनी माइक घेतला. माणूस वाईट नव्हता, हळहळूनच बोलला. म्हणाला, "ही जात ओझ्याची आहे, रिंगणाची नाही. स्वभावाचा भरवसा नाही." झालं. पुढच्या वर्षी वेगळा गट नाही. शिंगरांसाठी शब्द टाकलेले दोघेही फोन उचलेनात. आणि आजही कुठं दख्खनी घोडीचं नाव काढलं की कुणीतरी मोबाइल पुढं करतो. "ही का? अडेल असते ना ही जात?"

गेली दोन वर्षं मी हाच विचार करतो आहे. गुण घोड्याला देतात, पण बघतात ते दोर धरलेला हात. एका वर्गाचा निकाल वाईट लागला तर आम्ही मास्तरला नोटीस देतो, गावातल्या सगळ्या पोरांना ढ ठरवत नाही. घोड्यांच्या बाबतीत मात्र एका मास्तरानं माती खाल्ली आणि ढ ठरली अख्खी जात! तो डबा वाजवणारा माणूस आजही दरवर्षी डबा वाजवतो. भेदरलेल्या जनावराला लोक पाणीदार म्हणतात, आणि जे भेदरत नाही त्याला मठ्ठ. मग कोण कशाला शांत घोडी पाळेल? त्या यात्रेच्या मंडळाला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. व्हिडिओखाली खुलासा लिहिला, तर लोकांनी मलाच ओळखून आणखी चिडवलं.

आत्या मात्र परतीच्या टेम्पोत एकच वाक्य बोलली. "ढिल्ला ठेव सांगतलं होतं तुले." मी चिडून म्हणालो, "सगळेच आवळून धरत होते." त्यावर ती म्हणाली, "मंग बराबर हाये. सगळ्याइनं धरला त तुनंबी धरला." त्यानंतर तिनं मला त्या दिवसाबद्दल कधी टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं. मीच मागं लागलो. म्हटलं, दुसरा व्हिडिओ करू, तू स्वतः मैनेला फिरव, लोकांना दिसू दे ती कशी चालते. नाही. पुढच्या वर्षीच्या यात्रेत तूच दोर धर, मी मंडळाच्या पाया पडतो. नाही. "घोडीची वकिली म्या काहून करू? घोडी हाये ना." मला तिचा हा ताठा समजत नव्हता. जातीचं नाव तिच्या डोळ्यांदेखत बुडत होतं, ते वर काढणं एकट्या तिलाच शक्य होतं, आणि ही बाई एक फेरी मारायला तयार नव्हती!

शेवटची भेट दिवाळीनंतरची. गोठ्यासमोर बाजेवर बसलो होतो. मी पुन्हा विषय काढला, ती पुन्हा नाही म्हणाली. माझा तोल गेला. "घोडी अडेल नाही, आत्या. तूच अडेल आहेस. तुझ्यामुळंच ही जात संपणार." असं म्हणालो मी. सत्तरी ओलांडलेल्या बाईला, तिच्याच दारात. ती हसली. "हाव, मीच अडेल. भाकर खा आता, थंडी होऊन राह्यली." मी न जेवता निघालो. गाडीला किक मारताना तिच्याकडे पाहिलंही नाही.

तेरवी झाली. पाहुणे गेले. चारही घोडी आता माझ्या माथी, म्हणून मी प्रल्हादला म्हटलं, शेतातून मैनेला मीच घरी आणतो, सवय करतो. वाट मुरमाड चढाची. दोर ढिला होता, यावेळी अक्कल होती तेवढी. पण मध्येच माझा पाय घसरला आणि सावरायला म्हणून मी दोराला लोंबकळलो. मैना तिथल्या तिथं रुतल्यासारखी उभी. मी सावरलो, दोर ताणलेलाच होता, ती हलेना. तोच रिंगणातला पवित्रा. प्रल्हाद मागून म्हणाला, "सर, दोर सोडा. तुमी दोर सोडल्याबिगर थे हालत नाई. आत्यानं तसंच शिकोलं हाये तिले."

"काहून?" मी विचारलं.

प्रल्हाद जरा घुटमळला. "आत्याले दम लागे ना. चार-पाच वर्सं झाले. चढावर छाती भरून आली की दोर आवये अन् घोडीले टेकून उभी राहे. म्हनून दोर आवयला की खांबावानी उभं राहाचं, हे तिनं मैनेले शिकोलं. वाशीमले दवाखान्यात दोन डाव नेलं म्या तिले. तुमच्या घरावरूनच गेलो. मास्तरले सांगू नको म्हने."

मी त्या मुरमावर बसलो. रिंगणाकडे पाहून तिनं दोर माझ्या हातात का दिला होता, ते दोन वर्षांनी मला कळत होतं. तेवढी फेरी तिला एका दमात जमणार नव्हती. मध्येच तिला घोडीचा आधार घ्यावा लागला असता, आणि ते लोकांसमोर नको होतं. आणि मैना? मी दोर आवळला तेव्हा तिनं शिकवलेलं काम चोख केलं होतं. माणसाला दम लागलाय असं समजून ती पाय रोवून उभी राहिली होती. हजार माणसं हसली, मी ओढत राहिलो, तरी मागून काठी बसेपर्यंत ती हललीच नाही. स्वभावाचा भरवसा नाही म्हणे! ओरडून सांगावंसं वाटतं, पण कुणाला? परीक्षकांना? त्या डबेवाल्याला? सांगणार तरी कसं, तिचा दम लपवायचा हट्ट मोडून? तिचं गुपित फोडल्याशिवाय घोडीवरचा डाग जात नाही, हाच तर वैताग आहे. ती मला रागावेल हे कबूल करून मी शेवटी हे लिहायला बसलो.

आता शनिवार-रविवार मी आसेगावला असतो. घरी येताना त्या चढावर मैना तीन ठिकाणी आपणहून थांबते. दोर ढिला असला तरी. पहिल्या जागी थोडी, वळणावर जास्त, आणि माथ्यावर, जिथं चढ सगळ्यात खडा आहे तिथं, बराच वेळ. कुणी ओढत नाही, कुणी हाकत नाही. ती नुसती अंग सैल न सोडता उभी राहते, डावी बाजू जरा पुढं करून. परवा ती माथ्यावर थांबली तेव्हा प्रल्हाद बराच पुढं गेला होता. त्यानं वळून हाक मारली, "सर, काहून थांबले?"

मी म्हणालो, "आत्याले दम घेऊ दे."