अक्कांचा अर्धा तेजोमेघ

आमच्या अक्का उभ्याउभ्या झोपत. गॅसवर दूध ठेवून, हातात खडू धरून, एकदा तर शाळेच्या प्रार्थनेत. जळगावच्या एकाच शाळेत आम्ही शिकवायचो. त्या विज्ञान, मी मराठी. शिवाय मी त्यांच्याच घरात खालच्या मजल्यावर भाड्याने राहत असे. शाळेत सगळ्यांना वाटे, बिचारी सासूचं करून दमते. ते अर्धंच खरं होतं.

सासूबाई, म्हणजे जिजी, मूळच्या पाचोऱ्याकडच्या. कंबर मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. रात्रीतून कितीदा तरी त्यांची कूस बदलावी लागे. अक्कांचे यजमान केव्हाच गेलेले, मुलगा पुण्याला. दुसरं कोण करणार? "नाहीतरी जागीच असते," म्हणत अक्कांनी मुलाने घेऊन दिलेली दुर्बीण गच्चीवर मांडली, तिला कॅमेरा जोडला आणि मृग नक्षत्रातल्या एका तेजोमेघाच्या मागे लागल्या. जिजींची कूस बदलायची, कॅमेरा बघायचा, पुन्हा जिजी. मी विचारायची, "दमत नाही का हो?" तर म्हणायच्या, "दमते गं. पण आकाश मोकळं आहे ना!"

शहराच्या दिव्यांत तारेच धड दिसत नाहीत, तिथे तेजोमेघ कुठला? पण अक्कांचे फिल्टर भलते कडक. एकातून फक्त हायड्रोजनचा उजेड आत यायचा, दुसऱ्यातून गंधकाचा, तिसऱ्यातून ऑक्सिजनचा. बाकी सगळा झगमगाट दाराबाहेर. प्रत्येकातून निघणारा फोटो मात्र राखाडी. प्रत्येकाला एकेक रंग नेमून तिन्ही एकावर एक बसवले, तरच रंगीत चित्र.

जिजींची खाट गच्चीच्या दाराशी होती. पडल्यापडल्या त्या आभाळावर पहारा करत. ढग दिसला की खणखणीत हाक, "ढग उना वं!" की अक्का धडपडत उठून कॅमेरा थांबवत. मला खालीसुद्धा जाग यायची आणि मी मनातल्या मनात चरफडायची. राखाडी फोटो जिजींना मुळीच पसंत नव्हता, त्यांच्या मते ते सगळं काळंच. "बठ्ठं कायंच शे. रंग कवय भरशी?" तिथे नवे तारे जन्मतात असं अक्कांनी समजावलं, तेव्हा म्हातारी विरघळली, तिला बाळंतिणीची खोलीच आठवली. "बायतीननी खोली शे म्हन ना मंग! तठे दिवा बारीकच ऱ्हास." आणि लगेच अट घातली, "माले रंग दखाड, मंगच मी जासू."

अक्कांनी शब्द दिला. हायड्रोजन झाला, गंधक झालं. ऑक्सिजनचा उजेड क्षीण. त्याला चंद्रही खपत नाही, अंधाऱ्या रात्रीच हव्यात. इकडे जिजींना धाप लागायला लागली होती. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "अहो, दोनांतच भागवा. त्यांना काय कळणार आहे?"

"रंग मीच नेमते गं," अक्का म्हणाल्या. "पण उजेड तर तिथलाच हवा ना."

जिजी माघात गेल्या. ऑक्सिजन अर्धा राहिला होता.

दिवसकार्य उरकल्यावर मी आणि त्यांचा मुलगा मागे लागलो, आता पुरं करून टाका. अमावास्या जवळ होती, आकाश स्वच्छ होतं. अक्कांनी सगळं मांडलं आणि कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीतच त्यांना झोप लागली. सकाळी मी चहा घेऊन वर गेले, तर त्या लॅपटॉपसमोर बसलेल्या. रात्रीचे सगळे फोटो नुसते पांढुरके.

"ढग आला होता गं," त्या म्हणाल्या. "कुणी हाकच मारली नाही."

जिजींच्या तेराव्यापर्यंत न रडलेली ही बाई तेव्हा रडली. मग उठून तिने फिल्टर पुसले आणि डबीत ठेवून दिले.

निवृत्त होऊन त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना मला एक राखाडी फोटो दिला. तो माझ्या स्वयंपाकघरात आहे. येणारेजाणारे विचारतात, छापताना शाई संपली होती का?

परवा मुलाचा फोन आला होता. म्हणाला, आई आता रात्रभर गाढ झोपते. ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला नाही वाटलं.