पांढऱ्या पेशींची वकिली

बेळगावच्या कॉलेजात इंटरला असताना मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून अमीबा पाहिला. त्याला ना तोंड, ना पोट. खाद्याचा कण जवळ आला की अंगच पुढं काढून तो त्याला चहूकडून वेढायचा, आत घ्यायचा आणि तिथंच जिरवायचा. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही रोगजंतूंना अशाच गिळतात, असं प्रोफेसर म्हणाले. तेवढ्यावर मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

संक्रांतीला बोरगावला आक्काकडं गेलो. ती माझी थोरली बहीण. आईमागं तिनंच मला वाढवलं. तंबाखू कापताना तिच्या डाव्या हाताच्या बोटाला विळा लागला होता. बोट टम्म सुजलं होतं, पू धरला होता. तिला निपाणीच्या डॉक्टरांकडं न्यायला दाजी गाडी जुंपत होते.

"डॉक्टर कशाला?" मी म्हणालो. "पू म्हंजे जंतू खाऊन मेलेल्या रक्तातल्या पेशी. त्यांना तोंड नसतं, तरी खातात. त्यांचं काम चाललंय. चार दिवस थांब, सगळं जिरवून टाकतील."

"तोंड न्हाय म्हणतोस, मग खात्यात कशा रं?" आक्कानं विचारलं.

मी पाटीवर चित्र काढून दाखवलं. ती कौतुकानं बघत राहिली. दाजी कुरकुरले, तशी त्यांना म्हणाली, "त्यो शिकलेला हाय. बैल सोडा."

कधी कधी जंतूच पेशींना भारी पडतात, हेही प्रोफेसरांनी सांगितलं होतं. माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं. पण ते सांगितलं असतं तर माझी ऐट राहिली नसती, म्हणून मी गप्प बसलो. हे लिहितानाही लाजेनं कान तापतात.

चौथ्या दिवशी तिला हुडहुडी भरली आणि लाली कोपरापर्यंत चढली. निपाणीपर्यंत गाडीत ती कण्हत होती. डॉक्टरांनी हात वाचवला, पण बोट काढावं लागलं.

"इतके दिवस हिला घरात का ठेवलंत? कुणाचं ऐकून?" डॉक्टर दाजींवर उखडले. दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी बोलायला हवं होतं.

तेवढ्यात आक्काच खाटेवरून म्हणाली, "कुणाचं न्हाय, डाक्टर. मीच अंगावर काढलं."

डॉक्टरांनी खात्री करून घ्यायला माझ्याकडं वळून पाहिलं. मी मान हलवून 'हो' म्हणालो.