शिट्टी वाजलीच नाही

दिघीच्या रामजीचं नाव एके काळी मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत कबड्डीच्या प्रत्येक मैदानावर घेतलं जायचं. गडी चढाईला शिरला की समोरच्यांची पाचावर धारण बसायची. त्या खेळानं गुडघे खाल्ले. पुढं जेटीवर फेरीबोटीत गाड्या चढवायचं काम लागलं. दिवसभर सिमेंटवर उभं राहायचं. मग औषधाच्या दुकानातली दुखण्याची गोळी सुरू झाली, ती बारा वर्षं चालली. सकाळी एक, दुपारी एक, आणि सामना असला की आणखी एक. संघातले सगळेच ती गोळी चण्याफुटाण्यासारखी खायचे.

यंदा चपला घट्ट व्हायला लागल्या. सकाळी उठला की डोळ्यांखाली पिशव्या. बायको जयमाला म्हणाली, "अवं, तोंड सुजलंय तुमचं. डॉक्टरला दाखवा."

"वय झालं माझं. सूज न्हाय ती, चरबी हाय," रामजी हसला. पण आडवं झालं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. म्हणून तो भिंतीला टेकून झोपायला लागला. तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, पाठ धरलीय.

माघात गावच्या स्पर्धेत तो पंच होता. अंतिम सामना, मैदानाभोवती माणसांचा खच. चढाई संपली, रामजीनं शिट्टी तोंडात धरून फुंकली. नुसती हवा फुसफुसली. पुन्हा फुंकली. लोकांना वाटलं, गंमत करतोय. त्याला मात्र कळलं की आत हवाच उरली नाही. मातीच्या रेघेवर तो गुडघ्यांवर बसला, मग कलंडला. संघातला जुना सोबती मोरू धावत आला. त्यानं त्याला उचलून गाडीत घातलं.

अलिबागच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून पलंगाजवळ बसल्या.

"काका, तुमचं हृदय मोठं झालंय, थकलंय. पण दुखणं इथून सुरू नाही झालं." त्यांनी त्याच्या कमरेच्या वर बोट टेकवलं. "मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलीत. पाणी अंगात साचतंय, रक्तदाब चढलाय, त्याचा सगळा ताण हृदयावर येतोय."

"पण तिथं कधी दुखलंच न्हाय, मॅडम."

"तिथं दुखत नाही, हाच घात आहे. जगभर अशी माणसं वाढतायत. मूत्रपिंडं पार निकामी व्हायच्या आधीच माणूस हृदयानं जातो. मग सगळे म्हणतात, हार्ट अटॅक आला. मागचं कुणी बघत नाही. ती दुखण्याची गोळीच मूत्रपिंडं खाते. किती वर्षं घेताय?"

जयमालानं त्याच्याकडं पाहिलं. रामजीला तिच्या नजरेला नजर देववेना.

तो वाचला. गोळी सुटली. मीठ, सुकट, लोणचं, सगळं बंद झालं, पाणीसुद्धा मोजून. घरी आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते मोरूला गाठायचं. "रक्त तपासून घे. तूही तीच गोळी खातोस. तुझे पाय बघ जरा."

"माझी छाती बघ, बैलाची हाय," मोरू म्हणाला. "तुला डॉक्टरांनी घाबरवलंय रे. उद्या मांडव्याला जायचं हाय, पोरीच्या सासरी. आल्यावर बघू."

मांडव्याच्या जेटीवर बाकड्यावर बसल्या बसल्याच तो गेला. हातातला चहा सांडला, एवढंच. अंत्ययात्रेत जो तो हेच बोलत होता, बसल्या जागी मरण आलं, पुण्यवान माणूस, हार्ट अटॅकच तो. रामजी ऐकत राहिला. मोरूचे पाय चादरीबाहेर आले होते, घोटे दिसत नव्हते इतके सुजलेले. त्यानं पुढं होऊन चादर ओढली. कुणाला काय सांगणार, आणि आता कशासाठी?

स्मशानातून परतताना कुलदीप मागं रेंगाळला. चाळिशीचा, संघातला सगळ्यात लहान.

"दादा," तो हळूच म्हणाला, "ती रक्ताची तपासणी कुठं करतात?"

सोमवारी अलिबागच्या एसटीत जुन्या संघातले चौघं बसले होते. एरवी एकत्र आले की ओरडून गाव डोक्यावर घेणारी ही माणसं आज खिडकीबाहेर बघत बसली होती. रक्त दिलं, बाहेर चहा घेतला. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होते. कुलदीप खाली वाकून घोट्यात रुतलेलं मोज्याचं इलास्टिक सैल करत होता. रामजीनं ते पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली.