ताऊंची सुनावणी

ताऊंच्या हाताखाली मी इतकी वर्षं वकिली केली, पण त्यांच्यासमोर एक वाक्य धड पूर्ण केल्याचं मला आठवत नाही. मी तोंड उघडलं, वाक्य जरा मार्गाला लागलं, की क्रियापद यायच्या आत त्यांचा उजवा तळहात वर व्हायचा. "कळलं," म्हणायचे. कळलेलं कधीच नसायचं. मी म्हणत असायचे, "ताऊ, उद्याची तारीख पुढे गे—" तळहात! "कळलं. उद्या सकाळी लवकर निघू." मग दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काळे कोट घालून, दिल्लीच्या उन्हात ऑटोतून भाजून निघत कोर्टात पोचायचो आणि तारीख नाही म्हटल्यावर कँटीनमध्ये चहा घेत बसायचो. "अगं, मग सांगायचं नाहीस?" असं वर मलाच विचारायचे.

हा माणूस मूळचा पुण्याचा, सदाशिव पेठेतला. त्यांना 'ताऊ' केलं हरियाणाच्या खेळाडूंनी. तिकडे वडिलांच्या थोरल्या भावाला ताऊ म्हणतात आणि त्याच्या बायकोला ताई. त्यामुळे साठीला आलेल्या काकू सगळ्या पैलवानांच्या ताई झाल्या होत्या आणि त्यावर मनातून फार खूश होत्या. काकूंच्या नोकरीमुळे सरोजिनी नगरमध्ये सरकारी क्वार्टर मिळालेलं होतं. खाली कपड्यांच्या बाजाराचा कलकलाट आणि वर दोन मजले चढून आलं की बैठकीच्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेले धिप्पाड कबड्डीपटू. मी परभणीहून यूपीएससी करायला दिल्लीत आले, ती नाही झाली म्हणून कायद्याकडे वळले, आणि कुणाच्या तरी ओळखीने या खोलीत येऊन पोचले. ताऊंनी माझं नाव विचारलं आणि मी ते पूर्ण सांगायच्या आत गाव विचारलं. तेव्हापासून मी 'परभणी'. "परभणी, फाइल आण."

आणि गंमत अशी, की या माणसाची सगळी वकिली 'ऐकून घेणे' या एकाच गोष्टीवर उभी होती. खेळाडूंवर शिस्तभंगाची कारवाई होते, बंदी येते, करार तुटतो, त्या भानगडी ताऊ लढायचे. खेळाडूने काय केलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. "शिक्षा देण्याआधी त्याचं ऐकून घेतलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न आणि बहुतेक वेळा शेवटचाही. कारण संघटनावाले कधीच ऐकून घेत नसत. व्हिडिओ पसरला, टीव्हीवर आरडाओरडा झाला, की दुसऱ्या दिवशी बंदीचा ई-मेल तयार. ताऊ नेमके तिथे पकडायचे. नोटीस कुठे आहे? आरोप कुठल्या नियमाखाली? त्याला बाजू मांडायची संधी दिली का? अशा कितीतरी बंद्या त्यांनी उठवल्या असतील.

हे तत्त्व ते घरातही लावत, एवढाच त्रास. काकूंनी त्यांचा कोपरांना भोकं पडलेला स्वेटर भांडीवालीला देऊन टाकला, तर हे दिवाणखान्यात उभे राहून गरजले, "मला नोटीस दिली होतीस? माझं म्हणणं ऐकून घेतलंस?" काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमचं ऐकत बसले असते तर तो अजून तुमच्या अंगावर असता." त्यावर मी हसले, तर तळहात माझ्याकडे वळला.

कामाची पद्धत तर त्याहून वैताग आणणारी. अशिलाने घडलेली हकीकत सांगायला सुरुवात केली की ताऊ त्याला तिथल्या तिथे थांबवायचे. "क्या हुआ वो मत बता. तेरे साथ क्या हुआ, वो बता." म्हणजे तू काय केलंस ते नको, तुझ्यावर कारवाई कशी केली ते सांग. मला ते एकदा म्हणाले होते, "परभणी, आपल्याला कळलं की आपली जीभ अडखळते. न कळलेलं बरं असतं." बिचारे खेळाडू घरून सगळं पाठ करून यायचे आणि ते सगळं पोटातच ठेवून परत जायचे.

सतबीरही असाच आला. पानिपतजवळच्या गावचा, व्यावसायिक लीगमध्ये चढाई करणारा, खांदे दारात न मावणारे. उपांत्य सामन्याच्या शेवटी पंचांनी त्याला बाद दिलं, गलका झाला, धक्काबुक्की झाली आणि पंच मागे टेबलावर पडून त्यांचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ई-मेल आला, तीन वर्षं बंदी. सतबीर तिशीकडे झुकलेला. कबड्डीत त्या वयानंतर तीन वर्षांनी परत यायला गुडघे शिल्लक राहत नाहीत. थोडक्यात त्याचा खेळ संपला होता. एवढा मोठा गडी, पण गावात बाहेर पडायची लाज वाटते म्हणून मामाकडे जाऊन राहिला होता. ताऊंच्या खोलीत आल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली ती अशी, "वकीलसाब, रेफरीजी की कलाई अब कैसी है, कुछ पता—"

तळहात. "वो छोड. नोटीस मिला था?"

ताऊंनी ही केस जिवाला लावून घेतली त्याला एक कारण झालं. जाता जाता सतबीर म्हणाला, "जी, हम भी मराठे हैं." त्या भागात अशी बरीच गावं आहेत, पानिपतच्या लढाईनंतर तिथेच राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं तिथले लोक सांगतात. झालं! ताऊ खुर्चीतून उठलेच. काकूंना हाक मारून त्याला दारातून परत आणून जेवायला बसवलं आणि मग लढाई कशी हरलो यावर जे व्याख्यान सुरू झालं ते त्याचं वरण-भात, भाजी, श्रीखंड संपलं तरी चालू होतं. त्यांचं मत ठरलेलं होतं, "कुणी कुणाचं ऐकून घेतलं नाही, म्हणून हरलो." मी म्हणाले, "ताऊ, पण रसद—" तळहात.

हायकोर्टात आम्ही जिंकलो. नोटीस नव्हती, सुनावणी नव्हती, जे काय ते एका ई-मेलमध्ये. ताऊंनी अर्जात एक परिच्छेद लिहिला होता, तो मला अजून पाठ आहे कारण त्यांनी तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा टाइप करून घेतला होता. माणूस दोषी असो वा निर्दोष, त्याच्या तोंडचं ऐकल्याशिवाय त्याच्या आयुष्याचा निकाल लावता येत नाही, अशा अर्थाचा. कोर्टाने बंदी रद्द केली आणि लीगच्या शिस्त समितीला सांगितलं की आता नीट नोटीस देऊन, खेळाडूचं म्हणणं ऐकून निर्णय घ्या. ताऊंनी बाजारातून गरम जिलेबी आणली आणि स्वतःच निम्मी संपवली.

समितीपुढेही केस आमच्याच हातात होती. पंचांच्या अहवालावर सही नव्हती. व्हिडिओत नेमक्या क्षणी दुसऱ्या खेळाडूची पाठ आडवी येत होती, त्यामुळे धक्का देणारा हात कुणाचा ते दिसतच नव्हतं. बंदी पूर्ण उठणार, याबद्दल मलाही शंका नव्हती. पण सुनावणीच्या आदल्या दिवशी कागदांवर सह्या करून सतबीर निघाला तेव्हा मी त्याला सोडायला खाली गेले, आणि जिन्यात तो थांबला.

"दीदी, धक्का तो मन्ने ही दिया था. जान के दिया था. गुस्सा आ गया था. मुझे माफी मांगनी है, पर ताऊ बोलने ही ना देते."

मी धावत वर गेले. ताऊ चष्मा पुसत बसले होते. "ताऊ, सतबीर म्हणतोय की त्यानेच—" तळहात. "कळलं. उद्या वेळेवर ये." मी परत म्हणाले, "ताऊ, ऐका तरी, त्याला—" तळहात. रात्री फोन केला, तर "कळलं, झोप आता," म्हणून ठेवून दिला. सकाळी नोएडाला जाताना गाडीत सतबीर पुढच्या सीटवर होता, त्यामुळे बोलताच येईना. मग मी मराठीत सुरू केलं, तर ताऊ म्हणाले, "अशिलासमोर त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलू नये." मी हात टेकले.

एका ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये समिती बसली होती. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. कोपऱ्यात ते पंच, मनगटाला अजून पट्टा. ताऊंनी त्या दिवशी काय युक्तिवाद केला! सही नाही, नियमाचा क्रमांक चुकीचा, व्हिडिओ आंधळा. समितीची तोंडं उतरत गेली. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "खिलाडी खुद कुछ कहना चाहेगा?"

वकिलाने अशा वेळी "नाही सर, मी सगळं मांडलंय" म्हणायचं आणि खाली बसायचं असतं. मी टेबलाखालून ताऊंच्या बुटावर बूट दाबला. ताऊंनी पाय मागे घेतला. मग म्हणाले, "बिल्कुल. इसी के लिए तो हम हायकोर्ट गए थे."

सतबीर उठला. समितीकडे त्याने पाहिलंही नाही, सरळ कोपऱ्याकडे वळून हात जोडले. "रेफरीजी, धक्का मैंने दिया था. गलती मेरी थी. उसी रात माफी मांगने होटल आया था, किसी ने अंदर ना जाने दिया." आणि तो एवढा थोरला माणूस तिथे रडायला लागला. पंच उठून आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर बरा असलेला हात ठेवला. मी कपाळाला हात लावून बसले होते, तरी माझेही डोळे भरून आले.

कॉरिडॉरमध्ये ताऊंचा स्फोट झाला. रागाच्या भरात हिंदी सुटली आणि मराठी सुरू झाली. "अरे गाढवा, मी तुला बोलायचा हक्क मिळवून दिला! बोलायला कुणी सांगितलं होतं?" सतबीरला त्यातलं 'गाढवा' तेवढं कळलं असावं. तो त्यांच्या पाया पडला.

निकाल आला, बंदी एक हंगाम. तीन वर्षांच्या जागी एक हंगाम म्हणजे कुणीही पेढे वाटले असते. ताऊंनी अपील लिहून काढलं. का, तर निकाल कबुलीवर आधारलेला आहे आणि पुराव्यावर नाही! सतबीर वकालतनाम्यावर सही करेना. ताऊंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो हंगाम सतबीरने गावी काढला. पुढच्या वर्षी त्याच्या संघाने त्याला घेतलं नाही, दुसऱ्याने घेतलं ते बहुतेक बाकावर बसायला. पहिल्यांदा तो मैदानात उतरला त्या संध्याकाळी मी सरोजिनी नगरला गेले, तर ताऊ टीव्हीसमोर वर्तमानपत्र धरून बसले होते. सतबीर गुण घेऊन मध्यरेषेला परतला तेव्हा वर्तमानपत्र खाली आलं. "कळलं, कळलं," ते टीव्हीला म्हणाले.

पुढे मी गुडगावला नोकरी धरली, लीग चालवणाऱ्या एका कंपनीत. खेळाडूंना शिस्तभंगाच्या नोटिसा पाठवायचं काम. ताऊंनी मला फितूर ठरवलं आणि वर अशा दहा चुका सांगितल्या ज्या मी नोटिशीत करू नयेत. हल्ली एखादा व्हिडिओ पसरला की साहेबांचा फोन येतो, "यार, शाम तक बॅन कर दो." मी म्हणते, आधी त्याचं ऐकून घ्यावं लागेल. साहेब उसासा टाकतात. मी त्यांना वाक्य पूर्ण करू देत नाही, अशी त्यांची माझ्याबद्दल तक्रार आहे.

काकू निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि दोघं पुण्याला निघाले. निजामुद्दीन स्टेशनवर मी गेले, सतबीरही आला होता, हातात पानिपतचं जाडजूड ब्लँकेट. "अरे, रेल्वेवाले देतात!" ताऊ ओरडले आणि ब्लँकेट स्वतःच्या बर्थवर अंथरून घेतलं. सतबीर काकूंचं सामान लावत होता. ताऊ डब्याच्या दारात उभे राहिले आणि मी खाली प्लॅटफॉर्मवर. ताऊंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"त्या दिवशी जिन्यातून धावत आली होतीस ना, काहीतरी सांगायला. आता ऐकतो."

मी म्हणाले, "ताऊ, सतबीरने मला जिन्यात सांगितलं होतं की धक्का त्यानेच दिला आणि त्याला माफी मागायची आहे, हे मी तुम्हाला सांगायला आले होते." वाक्य संपलं. हात पाठीमागेच होते.

"माहीत होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं. ज्याने धक्का दिला नाही तो खोलीत शिरताना पंचाचं मनगट कसं आहे असं विचारेल का?"

मला संताप आला. "मग अध्यक्षांनी विचारलं तेव्हा 'नाही' का म्हणाला नाहीत? तुमच्या एका शब्दाने पूर्ण बंदी उठली असती. त्याचा अख्खा हंगाम गेला, ताऊ!"

"कसा म्हणू?" ते चिडून म्हणाले. "हायकोर्टाला काय लिहून दिलं होतं? तूच टाइप केलंस ना? आणि पोरगं बोलायला उठल्यावर मीच हात वर करू?"

गाडी हलली. सतबीर उडी मारून खाली उतरला. मी गाडीबरोबर चालत म्हणाले, "ताऊ, पोचल्यावर फोन क—"

तळहात. "कळलं!"

गाडी गेली आणि मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून रडले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. फोन आला नाही. शेवटी मीच केला, तर पलीकडून आवाज आला, "अगं, पोचलो की कळवायचं असतं, हे सांगायचं नाहीस?"